जपानी टर्बो गाडीला हात लावण्याआधी: खान्देशातल्या मिस्त्रींना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील गॅरेजमालक, मिस्त्री, वायरमन, टायरवाले, वॉशिंग सेंटरवाले आणि क्रेनवाले यांस

विषय: इंपोर्टेड टर्बो पेट्रोल गाड्यांची देखभाल इथेच, पण मोजून व्हावी

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आपल्या भागात अशा गाड्या मोजक्याच. मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन एक्स, म्हणजे इव्हो, २०१०च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्समार्फत भारतात आली. निसानची जीटी-आर २०१६च्या डिसेंबरात आली. एखादी सुबारू कोणी स्वतः आणवलेली असते. या गाड्यांचं ऑइल बदलायचं म्हटलं तरी मालक कॅरिअर ठरवतो आणि गाडी मुंबई-पुण्याला धाडतो. कारण तो इथल्या गॅरेजला घाबरतो आणि इथलं गॅरेज त्याच्या गाडीला.

आमच्या मते दोघांनीही घाबरायचं कारण नाही. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्या रस्त्यांवरच्या ट्रकचे टर्बो तुम्ही रात्री दोन वाजता, टॉर्चच्या उजेडात उतरवून बसवता. टर्बो तुम्हाला नवा नाही. या गाड्यांना चालत नाही ती एकच गोष्ट: "व्हई जाई भाऊ" म्हणत अंदाजाने पाना लावणं. ट्रक अंदाज पचवतो. ही गाडी पचवत नाही, आणि का पचवत नाही ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल.

डिझेलमध्ये इंधन हवा दाबून झाल्यावर फवारलं जातं, त्यामुळे वेळेआधी पेटायला आत काही नसतं. पेट्रोल टर्बोमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळूनच दाबलं जातं. आतलं तापमान फार वाढलं की स्पार्कने लावलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण स्वतःहून भडकतं. हाच नॉक. डिझेलची ठकठक ऐकायची आपल्या कानाला सवय आहे, म्हणून पेट्रोल गाडीची बारीक खणखण दुर्लक्षित राहते. दणकून बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) असताना काही सेकंदांचा जोरदार नॉक पिस्टनच्या रिंगांमधली कड तोडायला पुरतो. त्याशिवाय पेट्रोलचा एक्झॉस्ट ९०० अंशांच्या घरात जातो, डिझेलचा सहसा त्याच्या बराच खाली असतो. म्हणजे टर्बोच्या बेअरिंगजवळचं ऑइल इथे जास्त भाजतं.

आता यात आपला मे महिना घाला. जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे जातो हे तुम्हाला सांगायला नको. इव्होचा बूस्ट साधारण १.३ बार धरा. बाहेरची हवा २५ अंश असेल, तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून ती १४० अंशांच्या आसपास होऊन बाहेर पडते. ही हवा थंड करणाऱ्या जाळीने, म्हणजे इंटरकूलरने, त्यातली ७० टक्के वाढ काढून घेतली, तर इंजिनला मिळते सुमारे ५९ अंशांची हवा. हाच हिशेब ४५ अंशांनी करा: टर्बोतून १६७, इंजिनपाशी ८२. हे चालत्या गाडीचं, आणि इंटरकूलर स्वच्छ आहे असं धरून. सिग्नलवर दहा मिनिटं उभी राहिलेली, इंटरकूलरच्या जाळीत मातीचा थर बसलेली गाडी याहून वाईट. कंपनीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, हे कळतं, तो स्पार्क मागे घेतो, गाडी सुस्त वाटते, आणि मालक तुमच्याकडे येऊन "पिकअप गेला" म्हणतो. त्याला काहीही विकण्याआधी स्कॅनर लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघा. मे महिन्यात दुपारी तीनला पिकअप कमी असणं हा बिघाड नाही, गाडी स्वतःला जपते आहे.

रिमॅप केलेल्या, म्हणजे ईसीयूची मापं बदलून ताकद वाढवलेल्या गाडीत मात्र ही जपणूक कोणीतरी कमी करून ठेवलेली असू शकते. डिसेंबरात पुण्यात केलेला रिमॅप मेमध्ये भुसावळला सुरक्षित असेलच असं नाही. मालकाला सरळ विचारा: रिमॅप कधी, कुठे आणि कोणत्या पेट्रोलवर केला? उत्तर येत नसेल तर उन्हाळ्यात बूस्ट कमी ठेवणारा मॅप टाकून घ्यायला सांगा. आमच्या मते खान्देशातल्या गाडीचा रिमॅप एप्रिल-मेमध्येच करावा. त्या उन्हात जो टिकला तो वर्षभर टिकतो.

पेट्रोलचं बोलू. जपानमध्ये या गाड्या ज्या 'हाय-ऑक्टेन' पेट्रोलवर चालतात, ते तिथल्या मानकाप्रमाणे किमान ९६ आरओएन (ऑक्टेनचं माप; आकडा मोठा तितका नॉक कमी) असतं, आणि पंपावर साधारण १००चं मिळतं. आपल्याकडे २०२५पासून जवळजवळ प्रत्येक पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो आणि ते बाष्प होताना हवा थंड करतं, हे टर्बोला चांगलंच. पण त्यात ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच हवेला जास्त पेट्रोल लागतं. साध्या पेट्रोलसाठी हवेचं प्रमाण १४.७ला १; या २० टक्केवाल्या ई-२०साठी ते साडेतेराच्या आसपास. घनफळात बघितलं तर इंजेक्टरला साधारण ७-८ टक्के जास्त पेट्रोल टाकावं लागतं. म्हणजे थकलेला फ्युएल पंप आणि अर्धवट तुंबलेला फिल्टर, जे पूर्वी कसेबसे निभावत होते, ते पूर्ण बूस्टवर आता उघडे पडतात. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन, लीन झालं की नॉक, आणि पुढचं वर सांगितलंच.

टाकीत नेमकं काय आहे ते तुमच्या टेबलावर दहा मिनिटांत कळतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून बुचाचा १०० मिलिलिटरचा मेजरिंग सिलिंडर आणा. त्यात १० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घाला, थेंबभर खायचा रंग टाकला तर रेघ स्पष्ट दिसते. वर ९० मिलिलिटर पेट्रोल ओता. बूच लावून मिनिटभर हलवा, मधेमधे बूच सैल करून वाफ सोडा, मग दहा मिनिटं ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २८च्या आसपास आला तर १८ मिलिलिटर इथेनॉल, म्हणजे २० टक्के. १९वर थांबला तर १० टक्के. १०वरच राहिला तर इथेनॉल नाही. विडी-सिगारेटवाल्यांना तेवढा वेळ बाहेर बसवा.

पंप निवडताना ९५ किंवा त्याहून वरचं ब्रँडेड पेट्रोल, आणि तेही जिथे विक्री जोरात आहे तिथलं, एवढा नियम पुरे. ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांवर "५ पॉइंट वाढ" लिहिलेलं असतं. त्या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ०.१ आरओएन. पाच पॉइंट म्हणजे अर्धा आकडा! वर यातल्या काही बाटल्यांमधल्या मँगनीजचा लालसर थर प्लगवर बसतो, तो वेगळाच. रंगाच्या दुकानातला थिनर टाकीत ओतायचा सल्ला तर कोणाला देऊच नका.

या ७-८ टक्क्यांचा तुम्हाला थेट उपयोग आहे. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतो तो आकडा) बघा. ई-२० भरलेल्या गाडीत तो अधिक ७-८ दिसला तर दोष शोधत बसू नका, तो इंधनाचा आहे. अधिक १५ दिसला तर मात्र काहीतरी आहे: फिल्टर, पंप, घाण झालेला एअरफ्लो सेन्सर, नाहीतर हवेची गळती.

गळतीतला एक पेच समजून घ्या, कारण यावर भलेभले मिस्त्री फसतात. या गाड्या आत येणारी हवा सेन्सरने मोजतात आणि त्या आकड्यावर पेट्रोल सोडतात. सेन्सर आणि इंजिन यांच्यामध्ये कुठेतरी पाइप सैल झाला आहे असं धरा. भोक थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामध्ये असेल, तर आयडलला तिथून न मोजलेली हवा आत ओढली जाते. मिश्रण लीन, आणि ट्रिम वर चढतो. बूस्टमध्ये त्याच भोकातून मोजलेली हवा बाहेर पळते. पेट्रोल मात्र पूर्ण मोजणीचं पडतं. मिश्रण रिच, काळा धूर, प्लग काळे. म्हणजे भोक एकच, लक्षणं दोन उलटी. हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावल्यावर गिअर बदलताना गाडी धूर टाकते किंवा बंद पडते, त्याचंही कारण हेच. तो आवाज पोरांना आवडतो हे आम्हाला ठाऊक आहे. तरी मूळचा, हवा परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह बसवा.

गळती शोधायला धुराचं मशीन नको. लागणारी वस्तू पीव्हीसी पाइपांच्या जळगावात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टर्बोच्या तोंडाच्या मापाचा पीव्हीसी एंड कॅप घ्या, मधे भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घट्ट बसवा. इंजिन थंड आणि बंद. एअर फिल्टरकडून येणारा पाइप टर्बोच्या तोंडापासून सोडवा आणि रबरी होजचा तुकडा व दोन क्लिपांनी कॅप थेट टर्बोच्या तोंडावर आवळा. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावलेला हवाच. टायरच्या गनने आंधळेपणाने हवा भरू नका. ०.३ बारपासून सुरू करून हळूहळू १ बारपर्यंत जा, पुढे नको. कॅपच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, तो सुटला तर बंदुकीसारखा सुटतो. आता साबणाचं पाणी स्प्रे करत फिरा: इंटरकूलरचे खालचे रबरी जोड, ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं पॅकिंग, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टरचे ओ-रिंग, ब्रेक बूस्टरची नळी. सगळ्यात जास्त फुगे सहसा इंटरकूलरच्या खालच्या जोडाला येतात, कारण तिथे ऑइलचा ओलावा उतरतो आणि रबर सरकतं. एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे थांबलेले असतात, म्हणून सायलेन्सरमधून किंचित फुस्स येणं ठीक. पण ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर जोरात हवा येत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा) गेला आहे. बूस्टमध्ये तो क्रँककेसमध्ये दाब भरतो, मग सीलमधून ऑइल गळतं, आणि दोष विनाकारण टर्बोवर येतो.

कूलिंगबद्दल हात जोडून सांगतो: थर्मोस्टॅट काढून फेकू नका. ट्रॅक्टर-जीपला ही युक्ती आपण वर्षानुवर्षं लावली. या गाडीचा ईसीयू पाणी तापेपर्यंत जास्त पेट्रोल सोडतो. थर्मोस्टॅट नसेल तर हायवेवर, विशेषतः थंडीत, इंजिन नीट तापतच नाही. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंग जातात. थर्मोस्टॅट अडकत असेल तर नवा बसवा. तसंच बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये नको. आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा खार तुम्ही कूलरच्या जाळीवर रोज बघता; तोच थर अॅल्युमिनियमच्या हेडमधल्या वाटांमध्ये धरतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, जुन्या-नव्या रंगांची भेसळ न करता. भरून झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत हवा काढा. आणि तापलेल्या इंजिनवर बादलीभर पाणी मारणं कृपया थांबवा. लाल झालेल्या मॅनिफोल्डला आणि टर्बोच्या घराला तिथेच तडा जातो.

वॉशिंग सेंटरवाल्यांना एवढंच सांगणं की इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक असतात. समोरून प्रेशर गन मारली की इंटरकूलरच्या पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद. बंपर काढून, साध्या नळाच्या धारेने, मागून पुढे धुवा. काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या हंगामात उडणारा तूस यांनी जाळीवर नमदा बसतो. आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा करावं. कॉइलवर पाणी नको.

धुळीवरून एअर फिल्टर. तेल लावायचा, धुवायचा फिल्टर बसवायचा मोह होतो. तेल जास्त झालं की ते एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि मोजणी चुकते. कंपनीचा कागदी फिल्टर बरा. आपल्या रस्त्यांवर दर दहा हजारांला बदला, मधे झटकून घ्या, आतून हवा मारताना प्रेशर कमी ठेवा. बॉक्सचं झाकण नीट बसलं का ते दोनदा बघा. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फिरतं. कडेने आत शिरलेली बारीक वाळू त्याच्या पात्यांच्या कडा खाते.

ऑइल: इव्होच्या ४बी११ इंजिनात फिल्टरसकट साडेपाच लिटरच्या आसपास बसतं, पण डिपस्टिकवर विश्वास ठेवा, आकड्यावर नाही. आपल्या उन्हाला पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४०. जीटी-आरला कंपनी ०डब्ल्यू-४० सांगते, त्यात स्वतःची अक्कल चालवू नका. पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. गाडी कमी चालली म्हणून ऑइल दोन वर्षं ठेवणारे मालक बरेच. त्यांना सांगा की उभ्या गाडीचं ऑइलही पेट्रोल आणि ओलावा पितं. घरी पोहोचल्यावर पाच मिनिटं गाडी चालू ठेवून टर्बो थंड करण्याची रीत निम्मीच बरोबर आहे. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश आणले तर अर्धं-एक मिनिट पुरतं. कन्नड घाट जोरात चढून वर लगेच चहाला थांबलेल्या गाडीला मात्र दोन-तीन मिनिटं द्यावीच लागतात.

टर्बो गेला म्हणून गाडी आली, तर नवा बसवण्याआधी जुना का गेला ते शोधा. शाफ्ट पुढे-मागे हलत असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलं. आडवा थोडा झोल असतोच, ऑइल नसताना तो हाताला जाणवतो. चाक घराला घासत नाही ना, एवढं बघा. मग ऑइल आणणारी नळी आणि तिचा पोकळ बोल्ट उघडा. सुबारूच्या काही इंजिनांत या बोल्टमध्ये बारीक जाळी असते, ती तुंबली की टर्बो कोरडा पडतो. परतीची नळी दबली असेल तर ऑइल सीलमधून बाहेर पडतं आणि आपण सीलला शिव्या देतो. पॅकिंगला सिलिकॉन थापून लावायची सवय इथे सगळ्यात महाग पडते: आत फुगलेला तुकडा सुटतो आणि ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतो. नवा टर्बो बसवताना त्यात हाताने ऑइल ओता, इंजेक्टर आणि कॉइल बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, मगच सुरू करा. ट्रकच्या टर्बोची रिपेअर किट आणि बिनबॅलन्सचं काम इथे चालणार नाही. त्यासाठी गाडी नाही, फक्त टर्बो मुंबईला पाठवा.

प्लग इरिडियमचे, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. त्याहून जास्त गॅप बूस्टमध्ये ठिणगी विझवतो, आणि ४,००० आरपीएमवर झटके येतात ते बहुतेक यामुळेच. इरिडियमचं टोक वायर ब्रशने घासू नका. नकली प्लग बाजारात भरपूर आहेत. दर बघूनच ओळखू येतात.

कॉम्प्रेशन बघताना इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, फ्युएल पंपाचा रिले काढलेला. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. या फरकाची मित्सुबिशीची मर्यादा ९८ किलोपास्कल, म्हणजे जवळपास १ बार. कोणी इव्हो विकत घेण्याआधी दाखवायला आणली, तर बाकी काही न केलं तरी एवढं कराच.

गिअरबॉक्सला जपा. इव्होचा दुहेरी क्लचचा टीसी-एसएसटी बॉक्स त्याच्याच फ्लुइडवर चालतो, डायाक्वीन एसएसटीएफ-१. "ऑटोमॅटिकचं लाल ऑइल" भरलं की क्लच आणि व्हॉल्व्ह बॉडी दोन्ही संपले. पातळी ठरलेल्या तापमानालाच बघायची असते, म्हणून तापमान दाखवणारा स्कॅनर नसेल तर ते काम घेऊ नका. साध्या ओबीडी स्कॅनरला इंजिनाचे कोड दिसतात. गिअरबॉक्स आणि एवायसीचे (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) दिसत नाहीत. लॅपटॉपवर इव्होस्कॅन आणि त्याला चालणारी केबल घेतली तर आपल्या भागातल्या गाड्यांपुरतं काम भागतं. जीटी-आरच्या बॉक्समध्ये निसानचं खास फ्लुइड सुमारे दहा लिटर लागतं, आणि बदलल्यावर क्लचचं कॅलिब्रेशन करावं लागतं. ते तुमच्याकडे होत नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

इव्होच्या एवायसीचा पंप मागच्या चाकाच्या मागे, चिखल उडतो तिथेच बसवला आहे. कोणा शहाण्याने ती जागा निवडली देव जाणे. पावसाळ्यानंतर आतलं लायनर काढून तो साध्या पाण्याने धुवा, जोडांना गंजरोधक लावा. डॅशबोर्डवर एवायसीचा दिवा लागून पंप गंजलेला निघाला तर खर्च मोठा आहे.

टायरवाल्यांसाठी: चारही चाकांवर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, जवळपास सारखे झिजलेले टायर हवेत. सुबारू चौघांच्या घेरात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. एकच नवा टायर टाकला की मधलं डिफरेन्शियल सतत फिरत राहतं आणि तापतं. इव्होचं माप २४५/४० आर १८. नट गनने आवळू नका; टॉर्क रेंचने इव्होला १०० न्यूटन-मीटरच्या आसपास, जीटी-आरला १३२. जॅक लावायच्या जागा ठरलेल्या आहेत, पत्र्याच्या कडेला कुठेही लावला तर ती दुमडते. ब्रेक फ्लुइड डॉट ४, दरवर्षी पावसाळ्याआधी बदला.

क्रेनवाले भाऊ, तुमच्यासाठी एकच ओळ आहे, पण गॅरेजच्या भिंतीवर रंगवावी अशी: ही गाडी दोन चाकांवर ओढायची नाही. चारही चाकं इंजिनाला जोडलेली आहेत. पुढची उचलून मागची रस्त्यावर फिरवली तर ट्रान्सफर केस आणि मधला क्लच तापून जळतात, आणि रेडिएटरची नळी फुटली म्हणून थांबलेली गाडी गिअरबॉक्स गमावून गॅरेजला पोहोचते. फ्लॅटबेडच हवी. ती मिळेपर्यंत गाडी बाजूला घ्यायची असेल तर चारही चाकांखाली ट्रॉल्या घाला. चढवताना खाली फळ्या टाका, पुढचा बंपर रॅम्पला घासतोच.

सुटे भाग चॅसिस नंबरवरून मागवा, गाडीच्या नावावरून नाही. इव्होचं उत्पादन २०१६पर्यंत बंद झालं, जीटी-आरचं २०२५च्या ऑगस्टमध्ये. पॅकिंग, सेन्सर, रबरी होज यांचा एक संच मालकाला आधीच आणून ठेवायला लावा. बाहेरून पार्सल यायला आठवडे लागतात, आणि तोपर्यंत उघडी गाडी तुमचा रॅम्प अडवून बसते.

कागदपत्रांचं थोडक्यात. जुनी इंपोर्टेड गाडी आली तर चॅसिस नंबर आरसीशी ताडून बघा. वापरलेली गाडी आयात करायला उत्पादनापासून तीन वर्षांची अट आहे. विसाव्या वर्षी "आत्ताच जपानहून आली" म्हणून कोणी स्कायलाइन दाखवली तर सावध राहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी मूळ रचना बदलायला मनाई आहे, तेव्हा कॅटॅलिटिक (धूर शुद्ध करणारा डबा) काढून सरळ पाइप टाकायचं काम नाकारा. एक फायद्याची गोष्टही सांगतो: पीयूसीचं मशीन म्हणजे स्वस्तातला गॅस अॅनालायझर. गरम इंजिनला आयडलवर सीओ ०.३ टक्क्याच्या वर आलं तर मिश्रण रिच आहे किंवा कॅटॅलिटिक संपलं आहे. ती पावती जॉबकार्डला जोडून ठेवा.

शेवटी पैशांचं. स्कॅनर लावणं, प्रेशर टेस्ट, कॉम्प्रेशन टेस्ट यांचे पैसे वेगळे लावा, आणि गाडी आत घेण्याआधीच सांगा. आजवर तपासणी फुकट आणि कमाई पार्टात, अशी आपली रीत. या गाडीत ती तुम्हालाही परवडत नाही आणि मालकालाही: तपासणीला दोन तास लागतात आणि दोष कधीकधी एका क्लिपचा निघतो. त्या दोन तासांची मजुरी द्यायला जो मालक कुरकुरेल, त्याची गाडी घेऊ नका. देईल त्याला मोजलेले सगळे आकडे कागदावर लिहून द्या: ट्रिम, हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, कोणत्या किलोमीटरला कोणतं ऑइल. पुढच्या खेपेला गाडी तुमच्याकडे येवो की दुसऱ्या गॅरेजला, तो कागद गाडीबरोबर जाऊ द्या.

आपले,
खान्देशातले काही टर्बोवाले